होमब्रू मॅजिक आयटम: वीज-पट्टा, दोरीचा विटा आणि दिवटी-बुधली. लेव्हल ५ च्या पार्टीला झेपतील का?

कडेपठार

नमस्कार मंडळी. डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवर चालणारा भूमिकांचा खेळ) पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम. चार जणांची पार्टी, सगळे लेव्हल ५: फायटर (डेक्स्टेरिटी म्हणजे चपळाई १८), रोग, क्लेरिक, विझर्ड. जग काल्पनिक आहे, पण वळण दख्खनी: डोंगरी किल्ले, घाटवाटा, चोरदिंड्या. तिथे पुस्तकातला 'लाँगसोर्ड +१' परका वाटतो, म्हणून तीन वस्तू स्वतः लिहिल्या आहेत (होमब्रू म्हणतात ते हेच).

१) वीज-पट्टा (दांडपट्टा). रेअर (दुर्मिळतेचा दर्जा), अट्यूनमेंट हवी (वस्तू एकाच मालकाशी जोडावी लागते). +१ (वाराला आणि डॅमेजला एक जास्त). १डी८ (आठ बाजूंचा एक फासा) स्लॅशिंग, फिनेस (डेक्स्टेरिटीने वार करता येतो), रीच (हातातल्या शस्त्राचा पल्ला) १० फूट. प्रत्येक वाराला जादा १डी६ लाइटनिंग. क्रिट (वीस बाजूंच्या फाशावर, म्हणजे डी२० वर, २०) पडला की समोरचा एक राउंड स्टन. बोनस ॲक्शनने (टर्नमधली जादा छोटी कृती) १० फुटांच्या आतल्या सगळ्या शत्रूंवर एकेक वार.

२) दोरीचा विटा. अनकॉमन, अट्यूनमेंट नको. भाल्यासारखाच (१डी६, फेक २०/६० फूट), +१, फेकल्यावर हातात परत येतो.

३) दिवटी-बुधली. रेअर. पेटवलेली असताना ३० फुटांच्या आत अनडेड (उठलेली मढी, भुतं) येऊ शकत नाही. उजेडात अदृश्य गोष्टी दिसतात. ७ चार्ज, एका चार्जला २डी८ हिट पॉइंट बरे होतात. पहाटे १डी६+१ चार्ज परत.

पट्टा जास्त जड झालाय असं वाटतं, पण नक्की कुठे छाटू ते कळत नाही. रेअरिटी बरोबर आहे का? विट्याला अट्यूनमेंट लावावी का? आणि वस्तूचा मजकूर कसा लिहावा म्हणजे टेबलवर वाद होणार नाहीत?

वीसपैलू

पट्ट्याचा आधी हिशेब मांडू, मग कात्री कुठे लावायची ते आपोआप दिसेल.

लेव्हल ५ च्या फायटरचा अटॅक बोनस +७ (प्रोफिशियन्सी ३, डेक्स ४). या लेव्हलच्या आसपासच्या राक्षसाचा एसी (वार लागायला गाठायचा आकडा) धरा १५. म्हणजे डी२० वर ८ किंवा जास्त पडलं की वार लागतो: ६५ टक्के. साध्या १डी८ शस्त्राने एका वाराची सरासरी ४.५ + ४ = ८.५. त्याला ०.६५ ने गुणा, क्रिटचे ५ टक्के (जादा ४.५) मिळवा, एका वारामागे ५.७५ येतात. फायटरचे दोन वार, म्हणजे राउंडला ११.५. फायटिंग स्टाइल मुद्दाम धरली नाही, ती सगळीकडे सारखीच वाढते.

आता याच आकड्याशी तुलना करा:

नुसता +१: राउंडला १३.७५. वाढ सुमारे २० टक्के.
+१ नाही, पण प्रत्येक वाराला १डी६: १६.४. वाढ ४३ टक्के.
तुमचा पट्टा, +१ आणि १डी६ दोन्ही: १९. वाढ ६५ टक्के.
पुस्तकातली फ्लेम टंग (रेअर, प्रत्येक वाराला २डी६ फायर): २१.३. वाढ ८५ टक्के.

नुसत्या डॅमेजकडे पाहिलं तर पट्टा फ्लेम टंगच्या आत आहे, रेअरमध्ये खपून जाईल. पण फ्लेम टंग तेवढं एकच काम करते, तेही बोनस ॲक्शन खर्चून पेटवल्यावर. तुमच्या पट्ट्यात याशिवाय रीच आहे, स्टन आहे आणि सगळ्यांवर वार आहे. एका वस्तूत चार वस्तू कोंबल्या आहेत. जड झालाय तो त्यामुळे.

सगळ्यात घातक कलम आहे बोनस ॲक्शनचं. ५ फुटांच्या चौकटींवर १० फूट म्हणजे तुमच्याभोवती २४ घरं. तिथल्या प्रत्येकावर पूर्ण डॅमेजचा वार, तोही दोन नेहमीचे वार झाल्यावर, दर राउंडला, फुकट. याच्याशी मापून पाहायला पुस्तकात एक गोष्ट आहे: हंटर रेंजरला लेव्हल ११ ला व्हर्लविंड अटॅक मिळतो. तो अख्खी ॲक्शन खातो आणि फक्त ५ फुटांत चालतो. तुमचा पट्टा तेच काम सहा लेव्हल आधी, दुप्पट अंतरावर आणि स्वस्तात करतोय.

क्रिटवर स्टन ऐकायला दुर्मिळ वाटतं. पण चार राउंडच्या लढाईत आठ वार होतात, त्यात निदान एक क्रिट येण्याची शक्यता ३४ टक्के. म्हणजे दर तिसऱ्या लढाईत कोणीतरी स्टन होणार, आणि सेव्हिंग थ्रो (वाचण्यासाठी टाकायचा फासा) नाही म्हणून तो 'कोणीतरी' तुम्ही महिनाभर तयार केलेला मुख्य खलनायकही असू शकतो. स्टन झालेल्यावर सगळ्यांना ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा धरायचा; डिसॲडव्हांटेजला लहान), त्यातून आणखी क्रिट. स्टन काढा. त्याऐवजी लिहा: पट्ट्याची वीज बसली की त्याच्या पुढच्या टर्नच्या सुरुवातीपर्यंत त्याला रिॲक्शन (एखाद्या घटनेला दिलेलं झटपट उत्तर) घेता येत नाही. हेच शॉकिंग ग्रास्प कँट्रिप (कितीही वेळा वापरता येणारं छोटं स्पेल) करते, त्यामुळे ताकद मोजलेली आहे. शिवाय रोगला अंगावरून सुखरूप निघून जाता येतं, म्हणजे वस्तू फायटरच्या हातात राहूनही दुसऱ्याच्या उपयोगी पडते.

जादा १डी६ ला 'टर्नमध्ये एकदाच' हे दोन शब्द जोडा. दोनपैकी निदान एक वार लागण्याची शक्यता ८८ टक्के, म्हणून राउंडला साधारण ३ पॉइंट वाढतात: ११.५ वरून १४.६ च्या आसपास. +१ पेक्षा थोडं वर, आणि ॲक्शन सर्जला (फायटरची जादा ॲक्शन) स्फोट होत नाही. +१ मग ठेवूच नका. २०१४ च्या नियमांत शस्त्र जादूचं आहे एवढ्यानेच साध्या शस्त्रांना रेझिस्टन्स (डॅमेज निम्मं होणं) असलेले राक्षस नीट कापले जातात. तो फायदा आकडा न वाढवता मिळतो.

उंबरठा

वरचा हिशेब चोख आहे. मी दांडपट्टा या हत्याराकडे येतो, कारण त्याची रचनाच अर्धे नियम सांगून जाते आणि इथे त्याला नुसती लांब तलवार केलंय.

पट्ट्याची मूठ तलवारीसारखी नसते. कोपराच्या अलीकडेपर्यंत येणारं पोलादी हातमोज्यासारखं खोबण, त्याच्या आत आडवी दांडी, तिला मुठीत धरायचं. मनगट त्यात अडकतं, वळत नाही. वार खांद्यातून आणि कोपरातून फिरतो, आणि लांब लवचीक पातं थांबवायचं नसतं, फिरतं ठेवायचं असतं. मर्दानी खेळात लिंबू कापताना बघा, खेळणाऱ्याभोवती किती मोकळं रिंगण ठेवतात.

यातून सरळ नियम निघतात. एक, हे हत्यार हातातून हिसकावता येत नाही. डिसार्मचे सगळे प्रकार निकामी. दोन, पट्टा चढवायला एक ॲक्शन आणि उतरवायला एक ॲक्शन. चढवलेल्या हाताने पोशन पिता येत नाही, दाराची कडी काढता येत नाही, दोरावर चढता येत नाही. तीन, दोन्ही हातांनी धरता येत नाही, म्हणजे व्हर्सटाइल नाही. चार, ५ फूट रुंदीच्या बोळात किंवा भुयारात वाराला डिसॲडव्हांटेज. किल्ल्यांच्या जगात हे चौथं कलम फार बोलकं ठरतं, कारण चोरदिंडीच्या तोंडाशी पट्टेकऱ्याला पट्टा उतरवायचा की नाही हे ठरवावं लागतं.

रीच मात्र काढाच. फिनेस आणि रीच एकत्र असलेलं पुस्तकातलं शस्त्र म्हणजे चाबूक, आणि त्याचा फासा डी४ ठेवलाय तो उगाच नाही. डी८ बरोबर दिलं की फायटरच्या आधी रोग ते मागेल. १० फुटांवरून वार करायचा आणि चालत मागे यायचं. ५ फूट रीचच्या राक्षसाला ऑपॉर्च्युनिटी अटॅक (दूर जाणाऱ्यावरचा वार) मिळतच नाही. त्यात स्नीक अटॅक (रोगचं जादा डॅमेज) टर्नमध्ये एकदा असतो, राउंडमध्ये एकदा नाही. त्यामुळे १० फुटांच्या रिंगणातून कोणी बाहेर पडला की दुसऱ्याच्या टर्नवर रिॲक्शनने पुन्हा ३डी६. पात्याची लांबी दाखवायचीच असेल तर ती खास वारात दाखवा. मी असा लिहीन (डीसी म्हणजे सेव्हला गाठायचा आकडा):

'घेर: ॲक्शन. तुमच्यापासून १० फुटांपर्यंतच्या प्रत्येक जिवाने डीसी १५ चा डेक्स्टेरिटी सेव्ह करायचा. चुकला तर ४डी६ लाइटनिंग, जमला तर निम्मं. एकदा वापरल्यावर पुढच्या पहाटेपर्यंत पुन्हा वापरता येत नाही.'

'प्रत्येक जिवाने' असं लिहिलंय, 'शत्रूने' नाही. फिरत्या पात्याला आपला-परका कळत नाही. साथीदारांना आधी बाजूला व्हावं लागतं, आणि खेळाडू एकमेकांना ओरडून सांगतात की सरका. तिघे सापडले आणि निम्म्या वेळा सेव्ह चुकला असं धरलं तर एकूण साधारण ३१ पॉइंट. दिवसातून एका ॲक्शनला ठीक आहे.

दिवटीबद्दल एक गोष्ट जपून. दिवटी-बुधली कितीतरी घरांत देवघरात असते, खंडोबाच्या कुळाचाराची आहे. खेळात तिला शस्त्रासारखं वापरताना टेबलवर कोणाला खटकणार नाही ना, हे पहिल्या दिवशीच विचारून घ्या. काल्पनिक जगातल्या एखाद्या पहारेकरी पंथाची दिवटी केली आणि देवाचं नाव घेतलं नाही, तरी सगळी गंमत टिकते.

आता तिचे नियम. बरं करण्याचं कलम पूर्ण काढा. २डी८ ची सरासरी ९, पहाटे सरासरी साडेचार चार्ज परत येतात, म्हणजे रोज ४० च्या वर हिट पॉइंट. क्लेरिकचा पहिल्या लेव्हलचा क्युअर वुंड्स १डी८+४, म्हणजे ८.५. त्याच्याकडे पहिल्या लेव्हलचे चारच स्लॉट (स्पेल वापरायच्या खेपा) असतात. ही दिवटी विझर्डने हातात धरली तरी क्लेरिकचे सगळे पहिले स्लॉट एका वस्तूत मिळाले. अनडेडना ३० फुटांबाहेर ठेवणारं कलमही तसंच: क्लेरिकचा टर्न अनडेड (अनडेडना पळवून लावण्याची शक्ती) सेव्हिंग थ्रो मागतो आणि मोजून वापरायचा असतो, दिवटी काहीच मागत नाही. ज्या खेळाडूने क्लेरिक निवडला त्याचं काम बाजारात विकत मिळालं की तो गप्प बसून राहतो. होमब्रू वस्तूचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, डॅमेजमध्ये नाही.

उरतं ते अदृश्य दिसण्याचं, आणि त्यासाठी पुस्तकात तयार पाया आहे: लँटर्न ऑफ रिव्हीलिंग. अनकॉमन, अट्यूनमेंट नाही, ३० फूट लख्ख आणि पुढे ३० फूट मंद उजेड, लख्ख उजेडात अदृश्य जीव दिसतात, एका पाइंट तेलावर ६ तास. ती जशीच्या तशी घ्या, रूप बदला आणि एकच गोष्ट जोडा. नवीन वस्तू कोऱ्या कागदावर सुरू करण्यापेक्षा हा मार्ग कधीही बरा, कारण अर्धी चाचणी दुसऱ्यांनी करून ठेवलेली असते.

जोडायची गोष्ट बुधलीत आहे. बुधलीत ३ पळ्या तेल मावतं. एक पळी ओतली (बोनस ॲक्शन) की १ मिनिट उजेडातल्या अनडेडना तुमच्या साथीदारांच्या टर्न अनडेडविरुद्ध सेव्हला डिसॲडव्हांटेज. म्हणजे दिवटी कोणीही धरो, क्लेरिकचं काम मोठं होतं. आणि तेल पहाटे आपोआप भरत नाही. एका पळीला होली वॉटरची एक कुपी, पुस्तकातली किंमत २५ सोन्याची नाणी. साध्या तेलावर दिवटी नुसती उजेड देते.

पहाटे भरणारे चार्ज मी टाळतो त्याचं कारण आहे. २०१४ चं गाइड (डंजन मास्टर्स गाइड) दिवसाला सहा ते आठ मध्यम-कठीण लढाया धरून चालतं. बहुतेक टेबलांवर एका दिवसात एक किंवा दोनच होतात. मग ७ चार्ज सहा लढायांत पुरवायची वेळच येत नाही, सगळे एका लढाईत ओतले जातात आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा भरतात. विकत भरायचं तेल तुमच्या टेबलच्या वेगाशी आपोआप जुळतं.

नियमपोथी

विटा आणि अट्यूनमेंट.

अट्यूनमेंट ठरवायला गाइडमधल्या दोन कसोट्या पुरतात. वस्तू पार्टीत हातोहात फिरवून सगळ्यांनी तिचा टिकणारा फायदा घेतला तर खेळ बिघडेल का? आणि तिचा बोनस दुसऱ्या वस्तूंच्या बोनसवर चढतो का? दोन्हींपैकी एकाला 'हो' आलं तर लावा. पट्ट्याला हवी. दिवटीला नको. विट्याला +१ काढलात तर नको.

दुसरी कसोटी लोक हलक्यात घेतात. प्लेट आर्मर १८, ढाल २, डिफेन्स स्टाइल १: एसी २१. +७ अटॅकच्या राक्षसाला १४ हवेत, ३५ टक्के. त्यात +१ ढाल, रिंग ऑफ प्रोटेक्शन, क्लोक ऑफ प्रोटेक्शन: एसी २४, आता १७ हवेत, २० टक्के. वाढले तीनच, पण खाल्लेला मार जवळपास ४३ टक्क्यांनी कमी झाला. मग डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) वैतागून राक्षसांचा अटॅक +१० करतो, फायटर पुन्हा ३५ टक्क्यांवर येतो आणि एसी १५ वाला विझर्ड ६५ वरून ८० टक्क्यांवर जातो. एकाला दिलेल्या ढालीची किंमत दुसरा भरतो. म्हणून एसी, सेव्ह, स्पेल डीसी यांना कायमचा आकडा जोडणारी होमब्रू वस्तू लिहिताना शंभरदा विचार करा. अटॅकला जोडलेला +१ त्यामानाने सौम्य.

रेअरिटीवर फार विसंबू नका. ब्रूम ऑफ फ्लाइंग आणि विंग्ड बूट्स दोन्ही २०१४ मध्ये अनकॉमन. बुटांना अट्यूनमेंट लागते आणि उडायला ४ तासांची मर्यादा आहे. झाडूला दोन्ही नाही. लेबल एकच, ताकद वेगळी. आकड्यांसाठी मात्र गाइडचं कोष्टक उपयोगी आहे: अनकॉमनला जास्तीत जास्त +१ आणि तिसऱ्या लेव्हलपर्यंतचं स्पेल, रेअरला +२ आणि सहाव्यापर्यंत, व्हेरी रेअरला +३ आणि आठव्यापर्यंत. लक्षात घ्या, ही वरची मर्यादा आहे, दोन्ही मिळून गाठायचं लक्ष्य नाही. किंमत हवी असेल तर २०२४ च्या गाइडमधले ठोक आकडे सोपे: अनकॉमन ४००, रेअर ४,०००, व्हेरी रेअर ४०,००० सोन्याची नाणी.

आता विटा. 'हातात परत येतो' हे केव्हा, ते लिहिलं नाही. टर्नच्या शेवटी परत आला तर फायटरचा दुसरा वार वाया जातो, कारण २०१४ मध्ये वस्तू हाताळणं टर्नमध्ये एकदाच फुकट आहे. 'वार लागो वा चुको, लगेच परत येतो' असं लिहा.

पण विट्याची खरी खूण परत येणं ही नाही, दोरी आहे. दोरीचं एक टोक विट्याला, दुसरं मनगटाला. म्हणून पल्ला दोरीइतकाच ठेवा: ३० फूट, लांबचा पल्ला नाही. ६० वरून ३० वर आणलंत ही वस्तूची किंमत. मोबदल्यात ओढण्याची ताकद द्या: 'फेकलेला विटा लार्ज किंवा त्याहून लहान आकाराच्या जिवाला लागला तर टर्नमध्ये एकदा तुम्ही दोरी ओढू शकता. त्याने डीसी १३ चा स्ट्रेंथ सेव्ह करायचा. चुकला तर तो सरळ रेषेत १० फुटांपर्यंत तुमच्याकडे ओढला जातो.' दिवसाला तीनदा. आकार लिहायला विसरू नका, नाहीतर पहिल्याच ड्रॅगनला दोरी लागते.

आणि तुमच्या जगात कडे आहेत. ओढणं किंवा ढकलणं हे सपाट मैदानात काहीच नसतं, तटबंदीवर ते पडण्याचं डॅमेज असतं: दर १० फुटांना १डी६, जास्तीत जास्त २०डी६. २०० फुटांच्या कड्याखाली उभा असलेला फायटर वरच्या शत्रूला ओढू शकत नाही, कारण पल्ला ३०. पण मधल्या टप्प्यावरून ओढू शकतो. नकाशा काढतानाच बघा कुठून ३० फूट पोचतात. बंदी घालू नका, तसा डाव खेळाडूला सुचला तर तो त्याचा हक्क आहे.

वीसपैलू

मजकूर कसा लिहायचा हा प्रश्न राहून गेला. मराठीत टेबलवर बोलताना काही शब्द सैल वापरले जातात आणि वाद तिथूनच निघतात.

'पाळी' आणि 'फेरी'. टर्न एकाचा, राउंड सगळ्यांचा. 'एक राउंड' असं न लिहिता 'तुमच्या पुढच्या टर्नच्या शेवटपर्यंत' असं लिहा; कोणाचा टर्न, सुरुवात की शेवट, दोन्ही हवं.

'दिवसातून एकदा'. मध्यरात्रीच्या अलीकडे एकदा, पलीकडे एकदा असा अर्थ काढता येतो. 'पहाटे परत' हे पक्कं.

'१० फुटांच्या आत'. बरोबर १० फुटांवरचा धरायचा की नाही? 'फुटांपर्यंत' लिहिलं की प्रश्न मिटतो.

'पट्टा हातात असताना' आणि 'पट्ट्याने वार केल्यावर'. पहिल्यात दुसऱ्या हातातल्या खंजिराच्या वारालाही बोनस मिळतो. यात जितकं डॅमेज चुकून वाटलं जातं तितकं दुसऱ्या कशातही नाही.

'लाइटनिंग' असं डॅमेजच्या जातीचं नाव घ्या, नुसतं 'विजेचा झटका' नको. जात महत्त्वाची असते. ट्रोलचं उदाहरण घ्या: एसी १५, हिट पॉइंट ८४, दर टर्नला १० परत भरतात, पण आग किंवा ॲसिड लागलं की त्याच्या पुढच्या टर्नला भरणं थांबतं. फायटर एकटा राउंडला ११.५ देतो, त्यातले १० ट्रोल परत घेतो. आगीचा पट्टा त्या लढाईत दुप्पट मोलाचा, विजेचा पट्टा नुसते ३ पॉइंट.

डीसी ठरावीक ठेवायचा की वाढता, हेही ठरवा. १५ हा लेव्हल ५ च्या जादूगाराचा डीसी आहे (८ + ३ + ४). लेव्हल ११ ला तोच जादूगार १७ वर जातो आणि पट्टा १५ वर राहून म्हातारा होतो. कॅम्पेन लेव्हल ८ ला संपणार असेल तर चालेल. लांबणार असेल तर '८ + तुमचा प्रोफिशियन्सी बोनस + तुमचा डेक्स्टेरिटी मॉडिफायर' लिहा. आज तोही १५ येतो.

वस्तू देण्याआधी कागदावर तीन लढाया लढवा, अर्ध्या तासाचं काम आहे. एक ट्रोल. मग आठ गॉब्लिन (एसी १५, प्रत्येकी ७ हिट पॉइंट). मग दूरवरून बाण मारणारे किंवा उडणारे शत्रू. प्रत्येक लढाई वस्तूसकट आणि वस्तूशिवाय. तिन्हींत वस्तू सारखीच जोरात चालली तर ती जास्त आहे. पट्टा गॉब्लिनांवर चमकावा, ट्रोलवर बरा चालावा आणि तिसऱ्या लढाईत पोचूच नये. तिथे विट्याची पाळी येते.

घाटवाट

एका गोष्टीत माझं मत वेगळं आहे. +१ काढायला सगळे सांगतायत, पण खेळाडूला डी२० टाकल्यावर 'अधिक एक' म्हणताना वस्तू आठवते. टर्नमध्ये एकदाचा १डी६ मात्र घाईत विसरला जातो. म्हणून वस्तू एकदम पूर्ण देऊ नका, टप्प्यांनी उघडा. लेव्हल ५ ला टर्नमध्ये एकदा १डी६ आणि रिॲक्शन बंद. लेव्हल ८ च्या सुमारास एखाद्या कामगिरीनंतर 'घेर'. लेव्हल ११ ला +१. प्रत्येक टप्प्यावर एकच नवीन वाक्य, आणि ते सांगायला खेळाच्या गोष्टीत जागा.

टप्प्यांचा दुसरा फायदा तुमचा, डीएमचा. दिलेली वस्तू परत छाटणं फार वाईट, खेळाडूला लुबाडल्यासारखं वाटतं. पुढचा टप्पा अजून सांगितलेलाच नसेल तर तो हलका करून लिहिता येतो आणि कोणाचं काही गेलेलं नसतं. पहिल्या सेशनला एवढंच सांगून ठेवा की होमब्रू वस्तूंचा मजकूर पहिले तीन सेशन कच्चा आहे.

कडेपठार

सर्वांचे मनापासून आभार. पट्टा पुन्हा लिहिला:

'वीज-पट्टा. शस्त्र (दांडपट्टा), रेअर, अट्यूनमेंट हवी. १डी८ स्लॅशिंग, फिनेस. चढवायला आणि उतरवायला प्रत्येकी एक ॲक्शन. चढवलेला असताना तो हात दुसऱ्या कशालाही वापरता येत नाही आणि पट्टा हिसकावता येत नाही. ५ फूट किंवा त्याहून अरुंद जागेत त्याच्या वाराला डिसॲडव्हांटेज. तुमच्या टर्नमध्ये पहिल्यांदा या पट्ट्याचा वार लागला की जादा १डी६ लाइटनिंग, आणि ज्याला लागला त्याला त्याच्या पुढच्या टर्नच्या सुरुवातीपर्यंत रिॲक्शन घेता येत नाही.'

'घेर' लेव्हल ८ ला, वाढत्या डीसीसह. दिवटी लँटर्नच्या पायावर, तीन पळ्यांची. एक शंका उरली: विट्याची दोरी शत्रूने कापली तर? खेळाडू नाही, पण माझेच गॉब्लिन पहिल्या राउंडला हे करतील.

नियमपोथी

करतीलच, आणि नियमाने गेलात तर सहज जमेल. साध्या दोराचा एसी ११, हिट पॉइंट २. जादूच्या वस्तूला सगळ्या डॅमेजला रेझिस्टन्स असतो, तरी ४ पॉइंटमध्ये काम तमाम. दोरीला एसी १५ आणि १० हिट पॉइंट द्या, आगीला रेझिस्टन्स लागू नाही असं लिहा. दोरी फक्त विटा कोणात तरी रुतलेला असताना, म्हणजे ओढण्याच्या क्षणी ताणलेली असते. त्याच वेळी तिच्यावर वार करता येतो आणि त्यासाठी शत्रूला रिॲक्शन खर्चावी लागते. तुटली तर विटा साधा भाला, परत येणं आणि ओढणं दोन्ही बंद. शॉर्ट रेस्टमध्ये (तासाभराची विश्रांती) गाठ मारून जोडली की पुन्हा चालू, पण त्या दिवसापुरता पल्ला २५ फूट, कारण गाठीत दोरी जाते.